बाण ‘नाही’वर जात होता

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्यासमोर घडलीय, आणि खरं सांगायचं तर माझ्याच हातून. नाही पटली तर सोडून द्या, मी भांडायला येणार नाही.

मार्चमधला रविवार. दुपारचे पावणेचार. लख्ख ऊन. भुतानं यावं अशी ती वेळच नव्हती.

नात्यात कुणाचा फोन अडला, कुणाचा प्रिंटर रुसला, की बोलावणं मला येतं. मी कुठं शिकायला गेले नाही. मोडत मोडत शिकले.

मावशीचे यजमान, आमचे काका, त्या रविवारच्या तीन महिने आधी अचानक गेले. त्याआधी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरवर मावशीसाठी काहीतरी बोलून ठेवलं होतं. “मी गेल्यावर ऐक,” असं नंतर पाटीवर लिहून दाखवलं. कुठं ठेवलंय, ते लिहायचं राहूनच गेलं.

मावशीला तो आवाज हवा होता. बाकी काही नको.

तिचा कॉम्प्युटर मी माझ्या घरूनच चालवते. तिची स्क्रीन माझ्या लॅपटॉपवर दिसते. फोन स्पीकरवर.

“सापडलं का गं?”

“अगं, आत्ता कुठं बसतेय. चहा तरी घेऊ दे.”

जागा भरल्यानं मशीन रखडत होतं. म्हणून सवयीनं आधी त्यातली कचरापेटी रिकामी करायला घेतली. काढून टाकलेलं सगळं तिथं पडून असतं.

स्क्रीनवर प्रश्न आला. ‘कायमचं पुसायचं?’ हो. नाही.

मी माउसचा बाण ‘हो’कडे नेला.

बाण सरकला... ‘नाही’वर गेला. प्रश्न मिटला.

“मावशी, माउसला हात लावू नकोस.”

“नाही लावला.”

पुन्हा नेला. कुणी हातातून ओढून घ्यावा तसा... ‘नाही’.

“मावशी, आता मी भांडेन हं.”

“अगं, मी बाल्कनीत कपडे काढतेय. आणि तुझा तो माउस सकाळीच उपटून कपाटात ठेवलाय. टेबल पुसायचं होतं.”

मी कान देऊन ऐकलं.

फोनमधून चिमट्यांचा आवाज येत होता. टक... टक... म्हणजे ती खरंच बाल्कनीत होती.

तिसऱ्यांदा बाण पुढं जाईचना. नुसता थरथरत होता... म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरावा तसा.

इथं माझं चुकलं. भीती वाटायला हवी होती, मला राग आला. यंत्रानं मला शिकवायचं? मी बाण सोडला आणि कीबोर्डवरून ‘हो’ दाबलं.

पेटी रिकामी झाली.

“काय करतेयस?” मावशी म्हणाली.

“कचरा काढला.”

चिमटे थांबले.

“त्या डब्यातला? अगं, तुझे काका चांगलंचुंगलं त्यातच ठेवायचे. म्हणायचे, कपाटात सगळे हात घालतात, कचऱ्यात कोण घालतंय. मला वाटलं, तुला ठाऊक असेल. तूच शिकवलंस ना त्यांना.”

म्हणजे तो आवाजही त्यातच होता.

पुसलेलं कधीकधी परत मिळतं, पण मशीन लगेच बंद केलं तरच. चालू राहिलं की त्या जागेवर दुसरं काहीतरी चढत जातं.

“मावशी, आत ये. आत्ताच्या आत्ता प्लग काढ.”

पावलं वाजली. खुर्ची सरकली. मग काहीच नाही.

माझे दोन्ही हात मांडीवर होते. स्क्रीनवर बाण हलत होता. एक फोल्डर उघडत होता... मिटत होता... मग दुसरा.

“काढलास का?”

“शोधतायत गं.” तिचा आवाज अगदी हळू. “ह्यांना कधी एक वस्तू जागेवर सापडली नाही. शोधू दे.”

“अगं, चालू राहिलं तर उरलंसुरलंही जाईल.”

“मग तूच ये आणि बंद कर.”

मी गेले. तासाभरात पोचले. प्लगवर हातही ठेवला.

बाण थांबला... कुणीतरी मान वळवून बघावं तसा.

मला नाही जमलं.

आज आठ महिने झाले. मशीन चालूच आहे. मागच्या आठवड्यात धीर करून मावशीला सगळं सांगितलं. ते पुसलं गेलं, मीच पुसलं, आता मिळणार नाही.

तिनं ऐकून घेतलं. मग स्क्रीनकडे बोट दाखवलं, बाण अजून एकेक फोल्डर उघडत होता.

“मला कळलं गं,” ती म्हणाली. “पण ह्यांना कोण सांगणार?”