आतल्या खोलीतला खडखड्या

काकांच्या घरातल्या आतल्या खोलीला खिडकी नव्हती. हवा खेळावी म्हणून भिंतीत वर एक पंखा बसवलेला होता, आणि तो असा खडखडायचा, की कुणीतरी पत्र्याच्या डब्यात खिळे घालून रात्रभर हलवतंय असं वाटावं. त्याच खोलीत ठमीताई तिच्या तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन राहायला आली होती. ती काकूंची भाची, त्यांच्या भावाची मुलगी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे तिला त्या खडखडाटाचं काही नव्हतं. पण बाळाच्या झोपेचं खोबरं होत असणार, असं धाकट्या पुतण्याच्या मनाने घेतलं.

शनिवारी दुपारी घर झोपलेलं असताना तो स्टुलावर चढला. पंखा उतरवला, पाती पुसून त्यांचा तोल साधला, दांडा फिरतो त्या बुशात तेल सोडलं, चौकट आणि भिंत यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून बसवले. तासाभरात पंखा इतका गुपचूप फिरू लागला, की चालू आहे की बंद हे कळायला समोर कागद धरून बघावं लागलं. त्याने कुणालाच काही सांगितलं नाही. रात्री गच्चीवर सगळे जमले की मिशीला पीळ देत सांगू, असा बेत होता. मिशी अजून नीट फुटली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

रात्री दहाच्या सुमाराला गच्चीवर चटया पडल्या. काकू खाली कधीच झोपून गेल्या होत्या. बाळही आतल्या खोलीत झोपलं होतं. ठमीताई जिन्याच्या तोंडाशी, दिव्याखाली बसून बाळाचे कपडे घडी करत होती. थोरला भाऊ हाताची उशी करून आडवा झाला आणि त्यानेच विषय काढला.

"काका, तुमचे मेव्हणे एवढे नावाजलेले पंखेवाले होते. पंख्याचा आवाज बंद करावा तर त्यांनीच, असं लोक म्हणायचे. आणि आपल्याकडे हा खडखड्या! बदलून टाका की."

धाकट्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"त्याला कुणी हात लावायचा नाही," काका म्हणाले. "तो त्यानेच बसवलाय. मुद्दाम वाजेल असा."

धाकट्याने तोंड मिटलं.

काकांनी मान वळवून ठमीताईकडे पाहिलं. ती ओठांवरून बोलणं ओळखते, म्हणून ते तिच्याकडे पाठ करून नीट बसले. ऐकू जायची भीती नव्हती, तरी त्यांनी आवाजही खाली आणला.

"ही सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. माझ्या मेव्हण्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलेली, तेही एकदाच. मोठा डॉक्टर बाहेरगावाहून तीन महिन्यांतून एकदा यायचा. तो म्हणाला होता, कानातून नाही तर कानामागच्या हाडातून, पण हिला एक जरी सूर ऐकू आला, तरी ऑपरेशन करून बघता येईल. मात्र आता उशीर नको. झालं! बापाचा जीव त्या एका सुरावर टांगलेला.

"कान तपासायची ती खोली म्हणजे कपाटाची थोरली बहीण. एक खुर्ची, एक काच आणि हे एवढं जाड दार. कानाला यंत्र लावायचं, बाहेरून तपासणीवाली बाई बारीक सूर सोडणार, ऐकू आला की मुलाने हात वर करायचा. दार लावलं की गुदमरायला होतं, म्हणून छतात जाळी आणि जाळीमागे पंखा. तो चालू ठेवला तर सूर बुडायचे, बंद केला तर पोरं घामाघूम होऊन रडायची. ठमीची तपासणी दोनदा वाया गेली. सूर दिला की ही ढिम्म. आणि काहीच दिलं नाही की हात वर! बाई म्हणाली, 'इथे लहान मुलं पुष्कळदा असं करतात. पंख्याला फसतात. मोठी माणसं नाही कधी करत.'

"दुसरा कुणी असता तर हिरमुसला असता. हा आनंदाने उडीच मारायचा बाकी होता. म्हणजे माझ्या पोरीला पंखा ऐकू येतो! पंखा गप्प केला, की सूरही ऐकू येणार. म्हणाला, 'पंखा मी गप्प करतो. एक पैसा नको.'"

"मग केला?" थोरला उठून बसला होता.

"डॉक्टर गुरुवारी सकाळी येणार होता. बुधवारी संध्याकाळी दवाखाना रिकामा झाला आणि हा कामाला लागला. नोव्हेंबरचा दुसरा बुधवार. छोटा पंखा जोरात फिरतो आणि बोंबलतो, म्हणून तो काढून मोठा, सावकाश फिरणारा आणला. तोही खोलीवर नाही, लांब व्हरांड्याच्या टोकाला, खाली रबराच्या जाड गाद्या घालून. तिथून खोलीपर्यंत पत्र्याचा चौकोनी नळ, त्याला दोन वळणं, आतून लोकरीचं अस्तर. पंखा आणि नळ यांच्यामध्ये कापडी बाही, म्हणजे पंख्याची थरथर पत्र्यात उतरत नाही. साडेअकराला काम संपलं. आत खुर्चीत बसला, दार लावून घेतलं. अंगाला वारा लागतोय आणि आवाज म्हणाल तर मनगटावरच्या घड्याळाचा तेवढा. खूश झाला गडी."

धाकट्याला ते गाद्यांचं ऐकून दुपारचे ट्यूबचे तुकडे आठवले. तो चटईवरच सरकून बसला. खालून काही येतंय का म्हणून त्याने कान दिला. खालून काहीच येत नव्हतं. काकांचे कान आताशा जड झाले होते, त्यांच्या ते लक्षातही आलेलं दिसत नव्हतं.

"आता त्याची एक सवय होती," काका म्हणाले. "हातभर लाकडी दांडी जवळ बाळगायचा. एक टोक यंत्राला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं. कानाला कळत नाही ते दातांना कळतं, म्हणायचा. ठमी त्याचं बघून घरात चमचा म्हणू नको, फुटपट्टी म्हणू नको, काहीही दातांत धरून भिंतीला टेकवायची. तर, शेवटची खात्री करायला म्हणून हा खुर्चीवर उभा राहिला. दांडी जाळीच्या फटीतून आत घातली, पत्र्याला टेकवली. दातांत धरली.

"पंख्याची घरघर लागेल असं वाटलं होतं.

"कुणीतरी गुणगुणत होतं."

थोरल्याने एकदा हसायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"चारच सूर. खाली, वर, वर, पुन्हा खाली. मूल झोपत नसलं की थोपटताना आपण काढतो ना, तसे. न कंटाळता. त्याला वाटलं, बाहेरून कुठून तरी येतंय. दांडी तोंडातून काढली तर काही नाही. पुन्हा धरली तर आहेच. त्याने बाहेर जाऊन पंखा बंद केला. परत आला. आहेच. चिडला. चोरवाटेने आवाज आला की तो असाच चिडायचा. व्हरांड्यात जाऊन नळच सोडवला. बॅटरी मारून आत पाहिलं. अस्तर, दुसरं काही नाही. नळ उचलून जमिनीवर ठेवला. आता त्या जाळीमागे पंखा नाही, नळ नाही. नुसतं भोक आणि अंधार. पुन्हा खुर्चीवर चढला..."

"काका, मी जरा खाली जाऊन येतो," धाकटा म्हणाला.

"बस रे! पाणी तर इथेच आहे."

तो बसला. पायाचा अंगठा मात्र थांबेना, चटईची काडी उकरतच राहिला.

"दांडी आत घातली," काका म्हणाले. "या खेपेला टेकवायला पत्रा नव्हता. दांडी नुसती अंधारात. दातांत धरली.

"आहेच.

"खाली, वर, वर...

"आणि थांबलं. आपलं कुणीतरी ऐकतंय हे लक्षात आल्यावर माणूस थांबतो, तसं. हाही हलला नाही. श्वाससुद्धा नाही. मग दांडीला हलकासा झटका बसला. त्याला वाटलं आपलाच हात हलला. हात नव्हता हलला...

"दांडीचं दुसरं टोक कुणीतरी दातांत धरलं होतं."

दिव्याभोवती एक किडा घिरट्या घालत होता.

"ते ऐकत होतं," काका म्हणाले. "याचं. आतून."

ते घोटभर पाणी प्यायले.

"तो खाली कसा उतरला, फाटकापर्यंत कसा पोचला, त्याला सांगता आलं नाही. दांडी तिथेच राहिली. नंतर शोधली, कुणाला मिळाली नाही. चौकीदाराने पाणी पाजलं. कुणीही घरी पळून गेलं असतं. पण सकाळी डॉक्टर येणार होता, पुढची फेरी तीन महिन्यांनी. पोरीचं आयुष्य होतं ते. उजाडल्यावर तो परत गेला, नळ जोडला, पंखा चालू केला आणि कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. आणि त्याच खुर्चीत, त्याच जाळीखाली, आपल्या हाताने ठमीला बसवलं. हे सांगताना तो रडला होता. मीही रडलो.

"तपासणी झाली. पंख्याचा आवाज नाही, कुठलाच नाही. बाईने एकेक सूर दिला. ठमी गप्प. हाडावर यंत्र लावून दिला. गप्प. डॉक्टरने मान हलवली. बाईने हात बटणांवरून काढून मांडीवर ठेवले... आणि काचेमागे ठमीचा हात वर गेला. वर बघत होती. जाळीकडे. हसत होती. खाली घेतला. पुन्हा वर. बाई म्हणाली, 'अहो, मी काहीच देत नाहीये.' डॉक्टर म्हणाला, हे धरायचं नाही. ऑपरेशनचा विषय तिथेच संपला.

"स्कूटरवरून घरी निघाले. ही पुढे उभी, पाठ बापाच्या छातीला टेकलेली. आयुष्यात एक सूर न ऐकलेली पोर. आणि त्याला बरगड्यांत जाणवलं. ती गुणगुणत होती. खाली, वर, वर, पुन्हा खाली.

"त्या रात्री झोपेतही तेच. याने घाबरून शेजारचा मोडका टेबलफॅन उचलून आणला आणि लावला. खडखड सुरू झाली, तशी पोर गप्प झाली. बंद केला, की पुन्हा सुरू. तेव्हापासून ती जिथे झोपेल तिथे एक वाजणारा पंखा. आपल्याकडचाही त्यातलाच. लोक त्याला हसायचे. हसोत."

"पण काका, ताईला खडखड ऐकूच येत नाही," थोरला म्हणाला. "मग तिच्यासाठी ती कशाला?"

"तिच्यासाठी नाही रे. जे गुणगुणतं त्याच्यासाठी. गोंगाट असला की ते येत नाही. लहान मूल असेल तिथे तर..." काका थांबले. धाकट्याकडे बघू लागले. "काय रे? असा का दिसतोयस?"

"काका..." धाकटा म्हणाला. "तो पंखा मी... आज दुपारी..."

काका समजले. थोरलाही समजला.

तिघांनी कान टवकारले. खाली पंखा फिरत असणारच. ऐकू मात्र काही येत नव्हतं. बाळही रडत नव्हतं. अगदी काहीही नाही...

मग धाकट्याचं लक्ष जिन्याकडे गेलं.

ठमीताईचे हात थांबले होते. झबलं अर्धवट घडी होऊन मांडीवर पडलं होतं. तिचं या तिघांकडे लक्षच नव्हतं. तोंड जिन्याच्या अंधाराकडे होतं, आणि ती हसत होती.

तिने सावकाश उजवा हात वर केला.