राखून ठेवलेला थर

"आधी ते मशीन बंद करा! माझे थर हलतायत!"

दारात उभ्या असलेल्या मुलीच्या हातात प्लास्टिकच्या धाग्यांचा गुंता होता, आणि डोळ्यांत... डोळ्यांकडे त्याने पाहिलेच नाही. मिलिंग मशीनचे बटण दाबून तो मान खाली घालून उभा राहिला. भिंगरीसारखा फिरणारा कटर हळूहळू निमाला.

"काहीतरी बोला ना—"

"सॉरी."

त्याच्या केसांतून ॲल्युमिनियमचा चकचकीत कीस गळून पडला. ती फसकन हसली. "सगळे तुम्हाला घुम्या का म्हणतात, ते आज कळलं!"

भिंतीपलीकडे तिचा थ्रीडी प्रिंटर नव्यानेच आला होता, आणि मिलिंगच्या हादऱ्यांनी त्याचे थर सरकत. घुम्या धातूच्या ठोकळ्यातून नको ते काढून नमुना घडवी; ती रिकाम्या जागेत थरावर थर चढवून. "बोलतानाही तुम्ही तेच करता," चहा पिताना ती चिडवी. "सगळं कापून टाकता. उरतं काय, तर हो नाहीतर नाही!"

"आणि तुम्ही... थरावर थर," तो कसाबसा म्हणाला. ती खळखळून हसली, आणि ते हसू त्याला दिवसभर पुरले.

मग एका सकाळी साहेबांनी पंपाच्या चक्राचे चित्र दोघांपुढे ठेवले. "दोघंही नमुना करा. ज्याचा चालेल, त्याचा विभाग इथे राहील. दुसऱ्याने दुसऱ्या शहरातल्या शाखेत जायचं."

जिंकलो तर ती जाणार, हरलो तर आपण... जिंकण्याची त्याला एवढी धास्ती कधीच वाटली नव्हती.

चाचणीच्या दिवशी सकाळी दोघांचीही फजिती झाली. त्याची पाती आरशासारखी गुळगुळीत होती. पण आतल्या वळणांपर्यंत कटर पोचत नाही, म्हणून चक्र दोन भागांत करून जोडलेले, आणि सांधा गळू लागला. तिचे चक्र आतल्या वळणांसकट अखंड, झटपट झालेले. पण मधले भोक किंचित लंबगोल आले होते. दांडा डुगडुगला.

"संध्याकाळी निकाल," साहेब गुरगुरले.

दुपारी ती त्याच्या दारात आली. हातात दुसरे चक्र होते. त्याने ते निरखले. "भोक लहान झालंय. चुकलं."

"चुकलं नाही." तिचा आवाज कधी नव्हे तो हळू होता. "काल करतानाच आत जरा जास्तीचा थर ठेवलाय... तुमच्यासाठी. नेमकं तेवढंच काढणं तुमच्याशिवाय कोणाला जमणार?"

"मग सकाळी का नाही दाखवलं?"

"एकटीचं म्हणून कसं दाखवू?"

त्याने चक्र बसवले. कटरचा वेग प्रचंड, स्पर्श मात्र पिसाचा. नाजूक भिंत जराही वाकली नाही. दांडा टक्‌ करून आत बसला.

संध्याकाळी पंप सुरू झाला. पाण्याची धार समोरच्या भिंतीवर आदळली, साहेबांचा चष्मा भिजवून गेली. कामगारांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"कोणाचं हे?" साहेब चष्मा पुसत म्हणाले.

ती बोलेल असे सर्वांना वाटले. ती मात्र घुम्याकडे बघत राहिली.

"आमचं," घुम्या म्हणाला. "बांधणी यांची, कापणी माझी. साहेब, आम्हाला वेगळं करू नका. एकमेकांशिवाय आम्ही दोघंही अपुरे आहोत—आणि हे मी फक्त चक्राबद्दल बोलत नाहीये."

पंप थांबला होता. ते सगळ्यांनी ऐकले.

साहेब गालातल्या गालात हसले. "मधल्या भिंतीत एक दार करून घ्या रे. भिंत राहू द्या, नाहीतर हिचे थर हलायचे!"

"अगं बाई," ती लाजून पुटपुटली, "एवढं लांबलचक बोललात! बोलायचं काही शिल्लक ठेवलंत का?"

त्याने पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिले.

"थोडं राखून ठेवलंय," तो म्हणाला. "तुझ्यासाठी."