कापलेली शांतता

मावशीच्या वह्या छापायला द्यायच्या होत्या, म्हणून दुपारी तिच्या खोलीत जाऊन बसलो. मावसबहिणीने खोली आहे तशीच ठेवली होती: टेपची यंत्रं, रिळं, वेताची खुर्ची. विजेच्या यंत्रांतून सूर काढून संगीत रचणारी मावशी आमच्याकडची पहिलीच. हिचा रेडिओ बिघडलाय, असं लोक म्हणायचे. तीही हसायची.

वह्यांत तिचा एकच हेका होता. ‘शांतता रिकामी नसते. ती टेपवर घ्यावी, जपावी. जे अजून वाजलेलं नाही, तेही तिच्यात असतं.’ शेवटचं वाक्य मी पेन्सिलीने खोडलं. वाचक काय म्हणतील!

खोडायची सवय माझी जुनीच. रेडिओवर मी संपादक होतो आणि मला सगळे ‘कात्री’ म्हणत. चाळीस वर्षांपूर्वी याच खोलीत मी तिची मुलाखत घेतली. प्रत्येक उत्तराआधी ती इतकी थांबायची की माझा जीव टांगणीला लागायचा. कार्यक्रम अर्ध्या तासाचा. मी ब्लेडने तिचे सगळे विराम कापले आणि टोकं चिकटवून टाकली. फडाफडा बोलणारी एक हुशार बाई तयार झाली.

प्रसारणानंतर तिचा फोन आला. "बोलणं ठेवलंस आणि मला कापलंस रे."

"मावशी, वेळेत बसवावं लागतं."

तिने फोन ठेवला. माफी मागायला मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. चार महिन्यांत ती गेली.

वह्यांच्या तळाशी डबा सापडला. त्यावर तिचं अक्षर: ‘भाच्याने कापलेलं. फेकू नये.’ स्टुडिओतल्या केराच्या टोपलीतून तिने ते तुकडे कधीतरी नेले असणार. एकेक जोडून तिने त्यांचं रीळ केलं होतं.

बहिणीची विजेची किटली लावली, रीळ चढवलं आणि वही उघडून बसलो.

खुर्चीची करकर. तिचा श्वास. मग पान उलटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने मी वहीचं पान उलटलं, तेव्हा तोच आवाज पुन्हा झाला. योगायोग, म्हटलं.

मग टेपवर कुणीतरी खोकलं. म्हातारा माणूस. मुलाखतीला तर आम्ही दोघंच होतो आणि मी तिशीतला. कोण असेल, असा विचार करतोय तोच मला ठसका लागला.

मग ‘टक्’. किटली आपोआप बंद होते तसा. मावशी पाणी पातेल्यात उकळायची. मी कोपऱ्यात पाहिलं. किटलीचा लाल दिवा चालूच होता.

मी सेकंद मोजले. अकराव्याला किटली बंद झाली.

यंत्र थांबवता आलं असतं. हात उचलला नाही.

टेपवर हुंदका आला. मग आवाज. माझा, आजचा, घोगरा. "मावशी, चुकलं माझं."

खुर्ची करकरली.

"असू दे रे. राग नाही माझा."

हे वाक्य मला आठवलं. मुलाखतीत मध्येच, कशाचा काही संबंध नसताना ती ते बोलली होती. माझ्याकडे नाही, मी आता बसलो होतो त्या जागेकडे बघत. मी निरर्थक म्हणून कापलं होतं. ज्या वाक्यासाठी चाळीस वर्षं झुरलो, ते मीच टोपलीत टाकलं होतं.

रीळ संपलं. टेपचं टोक फटफट करत फिरत राहिलं.

मी अजून काहीच बोललो नव्हतो.

मग हुंदका आवरेना.

"मावशी, चुकलं माझं."

मागे वेताची रिकामी खुर्ची करकरली.