कोरड्या पाइपातली शिट्टी

विहिरीवरची मोटर जळाली होती, एवढंच. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, ती शिरूरला ओळखीच्या माणसाकडे वायंडिंग भरायला टाकली होती आणि मी खुटबावला घरी रिकामाच बसलो होतो, म्हणून ती आणायला मी गेलो. रिकामा म्हणजे कंपनीने घरी बसवलेला. मी विमान चालवतो. त्या आठवड्यात एक विमान न्यायला मी नकार दिला होता.

का, तेही ऐका. त्या विमानाच्या कॉकपिटमागे, बाहेरच्या अंगाला, एका झाकणाची कड उचलली होती. उडालं की तिथून शिट्टी यायची, बारीक, दातांना झोंबणारी. कंपनीने कडेवर चंदेरी पट्टी चिकटवली. पट्टीत गैर काही नाही. नियमात बसते, दुरुस्ती होईपर्यंत चालते. पण ही दुरुस्ती होईचना. मुदत संपली की वाढवून घ्यायची, पट्टी सुटली की नवी लावायची. झाकण हवेत उपटून शेपटीवर आदळलं तर काय, असं मी मॅनेजरला विचारलं.

"कॅप्टन, इतके दिवस आदळलं का?" तो हसत म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी घरी आलो आणि विमान दुसऱ्या कॅप्टनला मिळालं. सोबत माझीच को-पायलट, अनुपमा. मोटर आणायला निघालो त्या सकाळी मी तिला फोन केला, जाऊ नकोस म्हणालो.

"सर, माझी नोकरी अजून कायम नाही. मला नाही म्हणता येत नाही."

तिचं विमान दुपारी दिल्लीहून पुण्याला यायचं होतं.

मोटर घेऊन मी मळ्यात पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. आण्णा विहिरीच्या काठावर पाइपाला कान लावून बसले होते.

"पृथ्वी, शिट्टी वाजतीय रं," ते हळूच म्हणाले. "मोटर तर तुझ्या गाडीत हाय. मंग पाइपात हवा कोण सोडतंय?"

मी कान दिला आणि अंगावर काटा आला. ती शिट्टी मी झोपेतही ओळखली असती.

पाइपाच्या जोडावर चंदेरी पट्टी होती. आण्णा गळका जोड नेहमी सायकलच्या ट्यूबने आवळतात.

"ही कुणी लावली?"

"म्या न्हाई. मला वाटलं, तूच आणलीस कंपनीतनं."

पट्टीची एक कड उचलली होती आणि थरथरत होती. तिथून हवा येत होती, गार, बोचरी, आमच्या मळ्याने भर हिवाळ्यातही न पाहिलेली. तिला विमानाच्या इंधनाचा, रॉकेलसारखा वास होता. आणि त्या शिट्टीच्या मागे, खोल आत, कुणीतरी बोलत होतं.

"...वाढतोय. सर, आवाज वाढतोय... कड सुटतेय बहुतेक..."

अनुपमाचा आवाज होता.

पट्टी सोलत निघाली. मी दोन्ही तळवे तिच्यावर दाबले. बर्फाच्या लादीला चिकटावेत तसे ते चिकटले. कातडी जळायला लागली. आण्णा मला मागे ओढू लागले.

"सोडा, आण्णा! आत माणसं आहेत!"

त्यांनी ओढणं सोडलं. माझ्या हातांवर त्यांनी आपले हात ठेवले. कधीतरी हवा थांबली. आमच्या चारही तळहातांना फोड आले होते.

संध्याकाळी अनुपमाचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"सर, उतरलो. शिट्टी मधेच थांबली... बाहेरून कुणी हात ठेवावा तशी. आणि सर... खाली उतरून बघितलं, तर पट्टी पार सुटलेली. मग झाकण कशानं राहिलं?"

मी मॅनेजरला फोन लावला. विमान बाजूला घे म्हणून ओरडलो.

"अहो, आवाज बंद झालाय, कॅप्टन! तक्रार मिटली. नवी पट्टी मारली, आता निघेलच ते."

मी त्याला आयुष्यात दिल्या नाहीत अशा शिव्या दिल्या. त्याने फोन ठेवला. आणि विहिरीवर पाइप वाजायला लागला.

तेव्हापासून मी मळा सोडलेला नाही. भरलेली मोटर पडवीत पडून आहे, पाइपात पाणी सोडायची छाती होत नाही. ऊस वाळून गेला. ते विमान उडालं की मी आणि आण्णा आळीपाळीने हात ठेवतो. तिकडे तो मॅनेजर सांगत फिरतो की हे कंपनीचं सगळ्यात बिनतक्रार विमान. आमची कातडी सोलून बिनतक्रार, हरामखोर!

काल आण्णांनी मला हाक मारली. त्यांची पाळी होती, दोन्ही हात पाइपावर होते. त्यांनी नुसत्या मानेने गोठ्याकडे दाखवलं.

गोठ्यातल्या नळावर नवी चंदेरी पट्टी चमकत होती. तिची शिट्टी वेगळी होती, जाड आणि दमलेली. मी जवळ जाऊन नळाला कान लावला. आत कुणी बाई रडणाऱ्या लेकराला थोपटत होती.

"ह्यो कोणच्या इमानाचा आवाज रं?" आण्णांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी हात ठेवला.