खंडेनवमीची हत्यारं

कातळगडाच्या बुरुजांवर आश्विनातलं कोवळं ऊन उतरलं होतं, पण पायथ्याचं भोरखिंड गाव अजून गडाच्याच सावलीत होतं. वाघजाईच्या मंडपात गावातली झाडून सारी हत्यारं, सत्तर तलवारी, भाले, विटे आणि चार तोड्याच्या बंदुका, झेंडूच्या फुलांखाली मांडलेली होती; आणि घटाशेजारी म्हाळसाबाई पाटलीण उपास धरून, वाचा आवरून बसली होती.

तिचे धनी हैबतराव कर्नाटकाच्या स्वारीत गेले ते परतले नव्हते. ते सुखरूप यावेत म्हणून नऊ वर्षं नवरात्रात अन्न आणि बोलणं वर्ज्य करीन, असा नवस तिने बोलला होता. हे नववं वर्ष. उद्या दशमीला घट हलला की नवस फिटणार होता. मध्येच मोडला तर काय, हा विचार ती मनाला शिवूही देत नसे.

इतक्यात सुभेदार रायाजीराव साठ स्वारांनिशी वेशीतून आत आले. जोडे बाहेर काढून, देवीला रीतसर हात जोडून त्यांनी कारकुनाला हुकूम वाचायला लावला: मुलखात अमन आहे, सबब रयतेने हत्यारं गडावर जमा करावीत, रयतेच्या रक्षणास सरकार समर्थ आहे.

हाच हुकूम शेजारच्या कुसरवाडीने चैत्रात मानला होता. ज्येष्ठात तिथले बापे बुरुजाचे दगड वाहायला वेठीला धरून नेले. दाद मागायला गेलेल्या पाटलाच्या पाठीवर कोरडे बसले, आणि दोघे दगडाखाली गेले ते घरी आलेच नाहीत.

गावचा म्हातारा राखणदार येलू नाईक पुढे झाला. पूजेला लावलेलं हत्यार घट हलेपर्यंत उचलायचं नाही, हा वाडवडिलांचा दंडक त्याने अदबीने सांगितला. रायाजीराव हसले. त्यांनी दिवस निवडला होता तो त्याचसाठी.

"दंडक धन्याला, नाईक. तुम्ही तुमचं उचलायचं नाही. आम्ही कुठे त्याचे धनी आहोत?"

एका शिलेदाराने वाकून पहिल्या तलवारीवरची फुलं बाजूला सारली. सत्तर माणसं रिकाम्या हातांनी, दात आवळून, जागच्या जागी उभी राहिली.

म्हाळसाबाईचा हात गळ्यातल्या डोरल्याकडे गेला आणि तिथेच क्षणभर थांबला. मग तिने वाटीतल्या अक्षता घेतल्या, घटावर वाहिल्या, आणि दोन्ही हातांनी घट जागचा हलवला.

"देवी उठली," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी फुटलेला आवाज घोगरा होता. "आपापलं उचला."

मग येलू नाईकाने आपला भाला कपाळाला लावला, आणि पाठोपाठ फुलांचा ढीग असा उधळला की त्या दाटीत स्वारांना म्यानातून तलवार उपसायलाही जागा उरली नाही.

रायाजीरावांचा चेहरा उतरला. तिचा नवस साऱ्या मावळाला ठाऊक होता. ते म्हणाले, "पाटलीणबाई, नऊ वर्षांचं व्रत मोडलंत. धन्याच्या जिवाचा तरी विचार करायचा."

"केला, सुभेदार. ते आले तर त्यांना गाव दिसायला हवं, वेठीचा तांडा नव्हे. रक्षणास समर्थ म्हणता, मग कुसरवाडीला कुणापासून राखलंत? ही हत्यारं वाघासाठी आहेत, दरोडेखोरासाठी आहेत, आणि राज्य माजलं तर राज्यासाठीही आहेत. न्यायचीच असतील तर हातांसकट न्या."

रायाजीरावांनी मंडपभर नजर फिरवली आणि निघायची खूण केली. येलू नाईकाने वाट करून दिली आणि अदबीनेच सांगितलं, "जोडे नीट बघून घाला, सरकार. गावात कुत्री लई झाल्यात."

पुढे महिनाभर गावाने वेशीवर पहारे ठेवले, पण फौज आली नाही. सुभेदाराला बारा गावांहून तोच जबाब गेला, आणि कुसरवाडीची माणसं एकेक करून गडावरून निसटली.

हैबतराव मात्र आले नाहीत. पुढच्या आश्विनात म्हाळसाबाई पुन्हा घटी बसली, पहिल्या वर्षापासून. शेजारणी हळहळल्या; तिने उपासाआधी घरात उरलेलं सातूचं पीठ तेवढं नेमाने वाटून टाकलं आणि ओठ मिटले.

पाचव्या दिवशी सुभ्याचा जासूद आला. वेशीबाहेरच तो घोड्यावरून उतरला, पागोटं सारखं केलं, आणि बुरुजाचं काम अडलं आहे, गावातून माणसं मिळतील का, असं त्याने हात जोडून विचारलं.

साऱ्यांनी मंडपाकडे पाहिलं. म्हाळसाबाईचं मौन होतं. तिने दिव्याची वात पुढे सारली, मान वर केली, आणि ती सावकाश डावीकडून उजवीकडे हलवली.