शुक्रवारी रुसणारा सर्व्हर

राजनंदिनी पलांडे हिचं दौंड स्टेशनजवळचं खासगी चौकशीचं ऑफिस म्हणजे लग्न जमवणाऱ्यांचा आधार आणि थापा मारणाऱ्यांचा धसका. नवरदेव खरोखर नोकरीला आहे का, हे शोधण्यातच तिची निम्मी बुद्धी वाया जाते, असं तिचा मामेभाऊ आणि मदतनीस विक्रम याचं ठाम मत होतं. गाडी त्याची, डोकं तिचं, अशी वाटणी होती. म्हणून त्या शुक्रवारी सकाळी प्रतिभा शेंडगे मॅडम आल्या आणि "आमच्या शाळेतला सर्व्हर दर आठवड्याला कोणीतरी बिघडवतं," म्हणाल्या, तेव्हा त्याला बरं वाटलं. निदान नवरदेव तरी नव्हता.

"सर्व्हर म्हणजे काय ओ?" त्यानं विचारलं. अज्ञान लपवायचं नाही, हा त्याचा एक गुण.

"मोठा कॉम्प्युटर. शाळेत इंटरनेट नाही, म्हणून धडे, व्हिडिओ, चाचण्या सगळं त्यात ठेवलंय. मुलांचे लॅपटॉप त्याला जोडलेत. आठवडाभर झकास चालतं. शुक्रवार उजाडला की एकाही मुलाला आत घेत नाही. पासवर्ड बरोबर टाकला तरी 'प्रवेश नाकारला'."

"कधीपासून?" राजनंदिनीनं विचारलं.

"दिवाळीच्या सुट्टीपासून. आज चार वाजता शाळा समितीची बैठक आहे. कोण करतंय ते कळलं नाही, तर लॅपटॉप कारेगावच्या शाळेला द्यायचं ठरलंय." मॅडमनी पदराशी चाळा केला. "ताई, आठवी झाली की आमच्या वस्तीवरच्या निम्म्या पोरी घरी बसायच्या. लॅपटॉप आल्यापासून एकही बसलेली नाही."

राजनंदिनी उठली. "विक्या, गाडी काढ."

विक्रमची गाडी जुनी, पण चावी रिमोटची. बटण दाबलं की गाडी टुकटुक करायची, आणि आजूबाजूला कोणी बघतंय का हे तो आधी बघायचा.

न्हावऱ्याच्या पुढं, वस्तीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीपुढं डब्यांची ही रांग लागली होती. विक्रमनं काच खाली करून रस्ता विचारला, वर चौकशीही केली. "आज काय फुकट दळतंय का?"

"फुकट कुठलं," डबा घेऊन उभी असलेली बाई म्हणाली. "काल गुरुवार न्हवता का? गुरुवारी दिवसभर लाईट नसती. कालचं दळण आज."

शाळेच्या आवारात समितीचे अध्यक्ष इंद्रजीत उभेच होते. उसाची बागायत, समोर नवी जीप, आणि आवाज सोसायटीच्या निवडणुकीत तापवलेला.

"तुम्हीच का डिटेक्टिव? मग ऐका. सर्व्हरच्या खोलीची किल्ली एकाकडंच हाय, हौसराव शिपायाकडं. आता मी आनखी काय सांगू?"

"लॅपटॉप गेले तर तुमचं काही नुकसान?"

"माझी पुतणी नववीला हाय हितं," इंद्रजीत म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला. "मला काय हौस हाय व्हय?"

सर्व्हर बसवणारा रोहन शिरूरहून नुकताच पोचला होता. दर शुक्रवारी त्यालाच बोलावणं जायचं.

"तू आल्यावर नेमकं काय करतोस?"

"काही विशेष नाही, मॅडम. माझ्या मोबाईलचं नेट सर्व्हरला जोडतो, काय अपडेट असतील ते मारतो, रीस्टार्ट करतो. पाच-दहा मिनिटांत चालू. बिघाड असा सापडतच नाही."

"आज नेट जोडू नकोस," राजनंदिनी म्हणाली. रोहन बुचकळ्यात पडला आणि विक्रम त्याच्या जोडीला.

तेवढ्यात हौसराव चहा घेऊन आला. केस पांढरे, शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली.

"आबा, खोलीत तुमच्याशिवाय कोण जातं?"

"कुनी न्हाई. मशीन दिसरात चालूच असतंय, मी नुसता झाडून घेतो. सुट्टीत ह्या रोहन पोरानं खोकं उघडून धूळ काढली, तवा मला समदं दाखवलं. बारका सेल, टेबलाखालची मोठी बॅटरी. लाईट गेल्यावर कामाला येत्यात म्हनला."

"मोठी बॅटरी किती वेळ टिकते?"

"अर्धा तास. मग पडतंय बंद." हौसरावानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "जरा घरी जाऊन येऊ का? हितंच मागं हाय. माझ्या बायकोची, अनसाची, शुगर बघायची येळ झाली. सुईचं औषध हाय तिला, कवा एकदम उतरती." खिशातलं छोटं मशीन चाचपत तो गेला.

राजनंदिनीनं चहा संपवला. "मॅडम, सर्व्हरवर स्वतः बसून शुक्रवारी कधी काम केलंय?"

"एकदा चाचणी टाइप केली होती. ती सापडता सापडेना. नवीन फाइल यादीत वर येते ना? ही सगळ्यात खाली, जुन्यात जुन्या फायलींच्याही खाली."

"झालं मग," राजनंदिनी म्हणाली. विक्रमला काय झालं ते कळलं नाही, पण तिचा चेहरा हलका झालेला पाहून त्यानं दुसरा कप घेतला.

हौसराव परतल्यावर तिनं सगळ्यांना सर्व्हरच्या खोलीत बोलावलं.

"सर्व्हर कोणी बिघडवत नाही. तो तारीख विसरतो. मॅडमची नवी चाचणी सगळ्यात खाली गेली, कारण त्या दिवशी सर्व्हरच्या मते कित्येक वर्षांपूर्वीची तारीख होती. लॅपटॉपांची तारीख आजची. रोहन, दोघांच्या तारखा जुळल्या नाहीत तर?"

"आत घेत नाही," रोहन म्हणाला आणि त्यानं कपाळावर हात मारला. "आन् माझं नेट जोडलं की तारीख आपोआप दुरुस्त व्हायची. मी येईपर्यंतच आजार."

"आजार गुरुवारचा. दिवसभर लाईट नाही, मोठी बॅटरी अर्ध्या तासात संपते. त्यानंतर सर्व्हरचं घड्याळ चालू ठेवायला आत एक बारका सेल असतो. खोकं उघड."

रोहननं स्क्रू काढले. सेलची गोल खाच रिकामी होती.

राजनंदिनी हळूच म्हणाली, "आबा, शुगरचं मशीन बघू."

हौसरावानं ते दिलं. तिनं मागचं झाकण सरकवलं. आत रुपयाएवढा चपटा सेल होता.

"तो सेल बघितलेला माणूस रोहनशिवाय एकच, आणि सेल लागणारं मशीनही त्याच्याच खिशात."

हौसरावाचे डोळे भरले. "दिवाळीचा दिवस, दुकानं बंद. अनसाला घाम सुटला, अंग गार पडलं, आन् हे मशीन बंद. मला वाटलं, लाईट गेल्यावरच्या कामाला मोठी बॅटरी हायच की. मग दोन-दोन कशाला? त्यापायी पोरांचं अडतंय ह्ये न्हाई कळलं, ताई. घ्या काढून."

"राहू दे तिथंच," राजनंदिनी म्हणाली.

इंद्रजीत हौसरावाजवळ आले. "आबा, त्या दिवशी मला हाक मारायची व्हती. जीप काय नुसती दारात लावायला हाय?" मग ते मॅडमकडं वळले. "लॅपटॉप कुठं जात न्हाईत."

प्रतिभा मॅडम मटकन बाकावर बसल्या. हसू आणि रडू एकदमच आलं. "मला वाटलं होतं, आपल्यातलंच कोणीतरी पोरांच्या मुळावर उठलंय," त्या म्हणाल्या. "आठवडेच्या आठवडे मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होते."

"आता सेल कुठला आणायचा?" रोहननं विचारलं. "शिरूरला जाऊन यावं लागेल."

राजनंदिनीनं न बघता हात पसरला. "विक्या, चावी दे."

चावीतून सेल निघाला. खाचेत बसला. तारीख आजची लावली आणि शेजारच्या वर्गातून पोरांचा गलका उठला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी ऑफिसचा फोन विक्रमनं उचलला.

"हौसराव बोलतोय. काल दिवसभर लाईट न्हवती. आज समदी पोरं बसल्यात आत. अनसा बी बरी हाय. ताईंना सांगा."

"सांगतो, आबा," विक्रम म्हणाला. चावीत नवा सेल टाकायचं त्याच्या अजून ध्यानात आलं नव्हतं. दुपारी तो खाली गेला आणि कोणी बघतंय का हे न बघता, दारात किल्ली घालून त्यानं गाडी उघडली.