‘ग’च्या खणातलं कार्ड

“बाई, शब्द हरवत नसतो. कुणीतरी त्याला दुसऱ्या घरी बसवतं.”

धाकट्या साहेबांचा हा आवाज टायपिस्टबाईंच्या कानात आज सात वर्षांनी घुमला. ते वारले, आणि इंग्रजी-मराठी शब्दकोश थोरल्या भावाच्या, संपादकांच्या हाती आला. आता ‘डिडल’ या इंग्रजी शब्दाचं कार्ड सापडेना, आणि खापर बाईंच्या माथी. उद्यापासून येऊ नका, असं सांगूनही झालं.

म्हणून बाईंनी गुप्तहेर ताईंना आणलं. मागून ताईंचे दाजी, धापा टाकत.

“एका कार्डासाठी एवढं रामायण?”

“त्या कार्डावर एका बाईंचं पोट आहे, दाजी.”

मुद्रितशोधकाच्या पायाशी टोपली, टोपलीत कागदांच्या चिंध्या. “वाचून झालं की फाडतो. नकोसं जवळ ठेवू नये. कार्ड नाही हे मीच सांगितलं. क्रमांक तुटला ना.”

संपादकांच्या टेबलावर औषधाच्या बाटल्यासुद्धा अकारविल्हे लावलेल्या. “चाळीस वर्षांत शब्दाचा कागद मी फाडलेला नाही,” ते म्हणाले. “बाई वेंधळ्या आहेत, झालं.”

“काय होतं कार्डावर?”

“आठवत नाही.”

ताई कपाटांपाशी गेल्या. पहिलं इंग्रजी शब्दांचं. दुसरं मराठी शब्दांचं, पुढच्या खंडासाठी भरून ठेवलेलं. खणांवर बोटभर धूळ. एकाच खणाची मूठ लख्ख.

“मुद्रितशोधकाचंच काम,” दाजी म्हणाले.

“त्यानं फाडलं असतं. आणि वर स्वतःच बोंब कशाला मारेल? बाईंची तर नोकरीच जातेय. हे कार्ड अशा माणसाला नको होतं, ज्याला फाडवत नाही. चुकीच्या जागी ठेवणंही त्याच्या हाताला जमेना. मग अर्थाच्या घरी ठेवलं. ‘डिडल’ म्हणजे काय, बाई?”

“गंडवणे.”

लख्ख मुठीचा खण ‘ग’चा निघाला. ‘गंज’च्या पुढे, ‘गंध’च्या अलीकडे, कार्ड अगदी जागच्या जागी. अक्षर धाकट्या साहेबांचं. बाईंनी वाचलं, आवाज सांभाळत:

“बोलीत. आपल्याच माणसानं हसत हसत फसवणं. परक्यासाठी सहसा वापरत नाहीत. उदाहरण: दादानं मला गंडवलं, कोश माझा, नाव त्याचं.”

संपादक बाटल्या लावू लागले. त्या लावलेल्याच होत्या.

“हे उद्या छापून गेलं असतं,” ते म्हणाले. मग त्यांनी कार्ड हातात घेतलं.

“बाई, तुम्ही वेंधळ्या नाही. उद्या या. आधी मुखपृष्ठ थांबवा, त्याचं नाव घाला. कोश त्याचाच आहे. मी नुसती कार्डं लावली.”